मृत्युपत्र हे फक्त बंगलेवाल्यांचं काम नाही

माझ्या आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. बौद्धाचार्यांनी त्रिशरण-पंचशील दिलं, चार जण बोलले. तिने सत्तावीस वर्षं खासगी दवाखान्यात आया म्हणून काम केलं, भावाची पोरं शिकवली, विहाराच्या स्लॅबला स्वतःच्या पगारातून सिमेंटची पोती दिली, हे सगळं सांगून झालं. एका कार्यकर्त्याने तिची तुलना माता रमाईशी केली. भोजनदान झालं, लोक घरी गेले. संध्याकाळी आम्ही तिची पेटी उघडली.

पेटीत बँकेचं पासबुक होतं. एक लाख चाळीस हजारांच्या मुदत ठेवीची पावती होती. पतसंस्थेची तीस हजारांची पावती, चार ग्रॅमची पोत आणि तिच्या दोन खोल्यांच्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा होता. मृत्युपत्र नव्हतं. त्याचं आमच्यापैकी कुणाला नवलही वाटलं नाही. आपल्या वस्तीत मृत्युपत्र कोण करतं?

हा लेख त्या 'कोण करतं?' च्या विरोधात आहे. आणि थोडा माझ्या स्वतःच्याही विरोधात आहे.

कायद्याने वारस कोण?

आत्याचं लग्न विसाव्या वर्षी झालं. मूल होत नाही म्हणून चार वर्षांत सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. फारकत झाली नाही, पोटगी मिळाली नाही. पुढे नवरा वारला. तिला निरोप तिसऱ्या दिवशी आला. त्यानंतर तिने जे कमावलं ते एकटीने कमावलं. माझ्या धाकट्या बहिणीला तिनेच वाढवलं आणि शेवटची दोन वर्षं बहिणीनेच तिचं सगळं केलं. 'हे घर माझ्या पोरीचं' असं आत्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला सांगायची. कागदावर मात्र तिने कधी लिहिलं नाही, आणि एम.ए. झालेल्या तिच्या भाच्याने तिला कधी लिहायला सांगितलं नाही.

आम्ही धरून चाललो होतो की वडील तिचे सख्खे भाऊ, म्हणजे वारस तेच. बँकेने 'सर्व कायदेशीर वारसांची' माहिती मागितली. मी स्वतः लॅपटॉपवर शपथपत्र टाइप केलं : 'मयताचा मी एकमेव वारस आहे.' खाली वडिलांचं नाव. नोटरी करायच्या आधी ओळखीच्या वकील ताईंना दाखवलं. त्यांनी कागद वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "नवऱ्याकडचं कोण हयात आहे?"

हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956. कलम 2 प्रमाणे तो बौद्धांनाही लागू आहे. कलम 15 सांगतं की स्त्री मृत्युपत्र न करता वारली तर तिची मालमत्ता आधी मुलं आणि नवरा यांना जाते. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. त्यानंतर कुठे तिच्या आई-वडिलांचा नंबर येतो, आणि त्यांच्याही नंतर वडिलांच्या वारसांचा, म्हणजे तिच्या भावाबहिणींचा. आई-वडिलांकडून वारशाने मिळालेली मालमत्ता मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते, असा अपवाद कायद्यात आहे. पण तिच्या स्वतःच्या घामाच्या पैशाला तो अपवाद नाही.

म्हणजे ज्या घराने तिला दारातून परत पाठवलं, त्या घराचा तिच्या कमाईवर तिच्या जन्मदात्या आईच्याही आधी हक्क आहे.

आता उलटं करून बघा. पुरुष मृत्युपत्राशिवाय वारला तर कलम 8 प्रमाणे त्याची मुलं, मुली, बायको, आई यांना समान हिस्से मिळतात. त्यातलं कुणी नसेल तर त्याचे वडील, मग त्याची भावंडं अशी रांग लागते. बायकोच्या भावाचं किंवा बहिणीचं नाव त्या रांगेत कुठेच येत नाही. पुरुष लग्नानंतरही स्वतःच्या घराण्याचा राहतो. बाई मात्र लग्न झालं की नवऱ्याच्या घराण्यात जमा होते आणि मेल्यावरही तिथून सुटत नाही.

हे माझ्या आत्याचंच झालं असं समजू नका. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण हा सर्वोच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल आहे. नारायणी देवी लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झाल्या. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि 1996 मध्ये मृत्युपत्र न करता वारल्या. त्यांच्या माहेरच्यांनी दावा केला. न्यायालयाने कलम 15 चा अर्थ लावला आणि मालमत्ता सासरच्या नात्यातल्या लोकांना दिली. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

विधी आयोगाने 2008 मध्ये आपल्या 207 व्या अहवालात हे कलम बदलायला सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी 2012 मध्ये ही तरतूद भेदभाव करणारी असल्याचं मत दिलं. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमाच्या वैधतेचा प्रश्न खुला ठेवला आणि स्त्रियांनी मृत्युपत्र करावं असं आवाहन केलं. कलम जिथे होतं तिथेच आहे.

'आपण हिंदू नाही, तो कायदा आपला नाही'

हे मी विहारात सांगितलं तेव्हा एक जुने कार्यकर्ते उसळले. "आपण 1956 साली धम्म घेतला. हिंदूंचा कायदा आपल्याला कशाला? करून टाका शपथपत्र, त्या लोकांना कोण विचारतंय?"

काका आदरणीय आहेत, पण त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या होत्या.

पहिली गोष्ट नावाची. ज्या माणसाने हिंदू म्हणून मरणार नाही ही प्रतिज्ञा खरी करून दाखवली, त्याच्या लेकरांना वारसाहक्कासाठी 'हिंदू' नावाच्या कायद्याखाली उभं राहावं लागतं. हा अपमान खरा आहे. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह आणि वारसा कायद्याची मागणी त्यातून आली आहे आणि ती रास्त आहे. पण त्या मागणीचा मसुदा करताना कलम 15 चं काय करायचं, हे आपण ठरवलंय का? कायद्याचं नाव बदललं आणि आतली बाई नवऱ्याच्या खात्यातच राहिली, तर आत्याला काय मिळालं?

आणि हा कायदा आकाशातून पडलेला नाही. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी मुलीला मुलाइतका हिस्सा आणि स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालकी मागितली. संसदेत ते बिल अडवलं गेलं आणि 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्या बिलाचे तुकडे करून जे कायदे झाले, त्यातला हा एक. यात जे चांगलं आहे त्यामागे त्यांची लढाई आहे. जे वाईट राहिलं ते आपल्यावर सोपवलेलं काम आहे.

दुसरी गोष्ट शपथपत्राची. काकांचा सल्ला एका ओळीत असा होता : खोटं बोला. ज्या तोंडाने आपण प्रत्येक कार्यक्रमात चौथं शील म्हणतो, त्याच तोंडाने नोटरीसमोर 'एकमेव वारस' म्हणायचं. खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे, हे झालं कायद्याचं. पण मला त्याहून जास्त हे टोचलं की हा सल्ला मला आधीच पटलेला होता. कागद मीच टाइप केला होता. कायदा अन्यायकारक आहे, म्हणून आपल्याला सोयीचं खोटं बोलायची मुभा मिळते, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. उद्या माझ्या बहिणीला डावलणारा चुलतभाऊही हेच म्हणेल. त्यालाही कायदा अन्यायकारकच वाटत असेल.

नणंदेच्या नावाचा कागद

आम्ही नवऱ्याकडचे वारस शोधले. त्याचे आई-वडील आणि दोन्ही भाऊ वारले होते. पुतणे होते आणि आत्या गेल्याचं कळताच त्यांनी घराची चौकशीही सुरू केली होती. पण एक बहीण हयात होती. कायद्याच्या यादीत मयताची बहीण पुतण्यांच्या वरच्या पायरीवर येते. म्हणजे आत्याची एकमेव वारस तिची नणंद निघाली. पासष्ट वर्षांची, विधवा, लेकाकडे राहणारी, ऊसतोडीत कंबर गेलेली.

आम्ही तिच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबू, माझ्या नावानं काही निघालं असं आजवर कधी झालं नाही रे." तिच्या दोन्ही लेकांनी दुसऱ्याच दिवशी स्टॅम्पपेपर आणला. आईच्या अंगठ्याची तेवढी गरज होती. पैसे आणि घर ते सांभाळणार होते.

हे लेक वाईट नव्हते. एक तर आपल्याच संघटनेच्या शाखेत होता, जयंतीला निळा फेटा बांधून पुढे असायचा. त्याला यात काही गैर वाटतच नव्हतं. आईचं ते आपलंच, एवढं साधं त्याचं गणित होतं.

वकील ताईंनी नणंदबाईंना तालुका विधी सेवा समितीकडे नेलं. तिथे एका बाईने तिला एकटीला बसवून समजावलं. नणंदबाईंनी अंगठा दिला नाही. बँकेत स्वतःच्या नावाने खातं काढलं, रक्कम त्यात घेतली. पोत माझ्या बहिणीच्या हातात ठेवली. आणि घर? घराचं ती म्हणाली, "तिथं मी राहीन." आज ती तिथेच राहते, लेकांकडे नाही.

माझ्या बहिणीला घर मिळालं नाही. दोन वर्षं जिने आत्याचं हागणं-मुतणं काढलं, तिला त्या घरात आता पाहुणी म्हणून जावं लागतं. नणंदबाईंबद्दल तिला राग नाही, पण ती रडली. त्या रडण्याची जबाबदारी कलम 15 वर आहे, आणि तेवढीच माझ्यावर आहे. साधा एक कागद आणि दोन साक्षीदार, एवढंच लागलं असतं. मी दहा वर्षं सामाजिक काम करतोय. रेशनकार्ड, जातपडताळणी, शिष्यवृत्ती, सगळ्यांचे अर्ज भरून दिले. हा एक कागद राहिला.

आपल्याला अडवतं काय?

पहिलं कारण सांगतात, 'आमच्याकडे आहेच काय?' जयभीमनगरातल्या पत्र्याच्या खोलीला काय मृत्युपत्र करायचं? खरं तर उलटं आहे. ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याच्या वारसांना कोर्टात वीस वर्षं भांडायला पैसा असतो. ज्याच्याकडे दोन खोल्या आहेत, त्याच्या लेकराला एका भांडणाने रस्त्यावर यावं लागतं. थोडं आहे म्हणूनच ते लिहून ठेवायला हवं.

दुसरं कारण, मरणाचं बोलणं अभद्र. बुद्धाने सांगितलेल्या अनित्यतेवर आपण तासभर प्रवचन ऐकतो आणि आईसमोर 'मृत्युपत्र' शब्द काढला की घरातले दचकतात. बावीस प्रतिज्ञा घेऊन देव्हारा काढला, पण ही भीती घरात तशीच बसली आहे.

तिसरं कारण कुणी मोठ्याने सांगत नाही : लिहिलं तर बहिणीला द्यावं लागेल.

इथे आपल्या तरुण कार्यकर्त्यांना थोडं कडू बोलतो. हिंदू कोड बिलाचा राजीनामा दरवर्षी आपल्या स्टेटसवर असतो. आणि वडील वारल्यावर तलाठ्याकडे वारस नोंद करून, बहिणीला 'सही कर, माहेर तुटायला नको' म्हणत दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्राला कोण नेतं? आपणच नेतो. बदल्यात काय देतो? एक साडी आणि 'तुला कधीपण ये'. बहिणीने आनंदाने, समजून-उमजून सोडला तर तो तिचा अधिकार. पण हिस्सा मागितला की माहेर तुटतं अशी धमकी जिथे आहे, तिथे त्या सहीला राजीखुशी कसं म्हणायचं?

बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातींवरच्या निबंधात दाखवलं की जात टिकते ती स्त्रीच्या लग्नावर आणि वैधव्यावर ताबा ठेवून. मी समाजशास्त्रात हे शिकलो, परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. बाईची मालमत्ता तिच्या नवऱ्याच्या घराण्याकडे ओढणारं कलम आणि बहिणीकडून ओढून घेतलेलं हक्कसोडपत्र ही त्याच ताब्याची दोन टोकं आहेत, हे मला आत्याची पेटी उघडल्यावर कळलं.

मग करायचं काय?

नुसतं चिडून भागणार नाही. प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहाराने करता येण्यासारखी कामं सांगतो.

मृत्युपत्र लिहा आणि लिहवून घ्या. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. केली तर बरी. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा दोन साक्षीदारांसमोर हवा आणि त्या दोघांच्या सह्या हव्यात. ज्याला मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. वय जास्त असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडा. निराधार, परित्यक्ता, विधवा आणि मूल नसलेल्या बायांकडे आधी जा, कारण कलम 15 चा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसतो.

नॉमिनी म्हणजे मालक ही समजूत काढून टाका. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये विम्याच्या रकमेबाबत सांगितलं की नॉमिनी फक्त पैसे स्वीकारणारा. ते मिळतात वारसांनाच. 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीतही तोच निकाल आला. विम्याच्या कायद्यात 2015 पासून आई-वडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर वेगळी तरतूद आहे, पण बँकेच्या ठेवीला ती लागू नाही. नॉमिनी लावाच, त्याने पैसे लवकर सुटतात. पण ते मृत्युपत्राच्या जागी चालत नाही.

मृत्युपत्र नसताना घरात मृत्यू झाला तर घाबरून जाऊ नका. सगळे वारस एकमताने असतील आणि रक्कम लहान असेल तर बँकेत कोर्टाचा दाखला लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांत ही मर्यादा व्यापारी बँकांसाठी 15 लाख आणि सहकारी बँकांसाठी 5 लाख आहे. कागदपत्रं पूर्ण दिल्यावर दावा 15 दिवसांत निकाली काढायचा असतो. शाखेत 'कोर्टातून आणा' म्हणाले तर लेखी कारण मागा. वाद असेल, रक्कम मोठी असेल तरच दिवाणी न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यायचं.

जमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या, आणि त्यात मुलींची नावं पहिल्याच दिवशी घाला. सातबारावरच्या नोंदीने मालकी ठरत नाही, पण एकदा नाव गळलं की ते परत घालायला आयुष्य जातं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या वतनी जमिनींचं हेच झालं. 1958 च्या कायद्याने वतनं गेली, जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या. पण तीन पिढ्या वारस नोंदी न केल्याने आज कितीतरी उताऱ्यांवर फक्त मेलेल्या माणसांची नावं आहेत, आणि वहिती भलताच करतोय.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा कायम आहे. हेल्पलाइनचा क्रमांक 15100. हा नंबर विहाराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा.

आणि शेवटचं काम रस्त्यावरचं. स्वतंत्र बौद्ध कायद्याची मागणी करताना, आणि तो होईपर्यंत आहे त्या कायद्याविरुद्ध, एक मुद्दा ठामपणे लावून धरा : बाईने कमावलेल्या मालमत्तेवर तिच्या माहेरच्यांचा हक्क सासरच्यांच्या मागे टाकायचा नाही. आमदाराला निवेदन देताना पुतळ्याच्या जागेचा विषय आपण विसरत नाही. त्याच निवेदनात कलम 15 दुरुस्तीची एक ओळ टाका.

आमच्या विहारात आता पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास यासाठी ठेवलाय. पहिल्या महिन्यात तिघीच आल्या. तिघींपैकी एक माझी बहीण होती, वय एकतीस. तिच्या नावावर एक स्कूटी, बचत गटातले अठरा हजार आणि आत्याची चार ग्रॅमची पोत आहे. तिने ते सगळं एका पानात लिहिलं. दुसरी होती नणंदबाई. तिने घराबद्दल लिहवून घेतलं. कोणाला दिलंय ते मी विचारलं नाही, साक्षीदार म्हणून फक्त सही केली.

आता तुमच्या घरातल्या पेटीत काय आहे, ते आजच विचारा. आणि विचारताना बहीण समोर बसलेली असू द्या.

जयभीम!